जुन्या टेबल-सुऱ्यांचा गंज: पातं उजळवा, पण मूठ सांभाळून

ड्रॉवरच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सुऱ्या हाती लागल्या की पहिला मोह होतो तो त्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवण्याचा. सकाळी गंज गेलेला असतो खरा. पण पातं काळपट आणि खरखरीत झालेलं असतं, व्हिनेगरच्या पातळीवर एक आडवी रेघ पात्यात कायमची कोरली गेलेली असते आणि मूठ सैल होऊन हातात डुगडुगत असते.

पुढची सगळी पद्धत त्यामुळेच एका जागेभोवती फिरते: पातं आणि मूठ जिथे जुळतात तो सांधा. तिथे पाणी, आम्ल आणि उष्णता पोचू द्यायची नाही. पात्यावरच्या बहुतेक चुका घासून निस्तरता येतात. सांध्यातली चूक महागात पडते.

सुरी आतून कशी असते

जुन्या टेबल-सुरीचं पातं मुठीपाशी संपत नाही. ते निमुळतं होऊन मुठीच्या पोकळीत शिरलेलं असतं. या आतल्या भागाला टँग म्हणतात, आणि पातं व मूठ यांच्या मधल्या जाड कड्यासारख्या भागाला बोल्स्टर. टँग आत बसवलेला असतो तो बहुतेक वेळा राळेच्या मिश्रणाने, आणि राळ गरम पाण्याने मऊ पडते. पोकळ चांदीच्या किंवा चांदीच्या मुलाम्याच्या मुठींतही अशीच राळ किंवा डांबरासारखं भरण असतं.

सांध्यातून पाणी आत गेलं की ते वाळायला वाट नसते. आत टँग गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणजे टँग आतल्या आत फुगतो आणि मूठ लांबीच्या दिशेने तडकते. जुन्या सुऱ्यांच्या हाडाच्या किंवा हस्तिदंती मुठींवर बोल्स्टरपासून सुरू झालेल्या ज्या उभ्या चिरा दिसतात, त्यातल्या बऱ्याच या अशा आतून आलेल्या असतात. तुमच्या सुरीला अशी चीर असेल तर ती सुरी बाजूला ठेवा, तिच्यावर एक थेंबही पाणी न वापरता काम करायचं आहे.

पातं कोणत्या पोलादाचं आहे, मूठ कशाची आहे

शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेलं, सहजी न गंजणारं पोलाद तयार केलं. त्याआधीच्या टेबल-सुऱ्यांची पाती साध्या कार्बन पोलादाची, आणि नंतरही काही काळ दोन्ही प्रकार बनत राहिले. पात्यावर ‘स्टेनलेस’ किंवा ‘रस्टलेस’ असा ठसा असेल तर प्रश्न मिटला. ठसा नसेल तर पात्याच्या एका कोपऱ्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवा आणि दहा मिनिटांनी पुसा. कार्बन पोलादावर करडा डाग उमटतो, स्टेनलेसवर काहीच होत नाही. चुंबकाने ही परीक्षा होत नाही, कारण सुऱ्यांसाठी वापरलं जाणारं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

तिसरा प्रकार मुलामा दिलेल्या पात्यांचा: पोलादावर चांदी, निकेल किंवा क्रोम. यात गंज ठिपक्याठिपक्यांनी, मुलाम्याखालून वर आलेला दिसतो. अशा पात्याला पॉलिश पेपर लावलात तर उरलेला मुलामाही जाईल.

मुठीची ओळख पटवणंही तेवढंच गरजेचं. हाडाच्या मुठीवर भिंगातून बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. हस्तिदंताच्या मुठीच्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेघांची जाळी दिसते. नकली हस्तिदंत म्हणून वापरलेल्या सेल्युलॉइडवर (हे जुन्या काळचं प्लॅस्टिक) रेघा फार नीटनेटक्या, सरळ आणि समांतर असतात. अंगठ्याने मूठ जोरात चोळून कोमट करा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. तापवलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो अजिबात पाळू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं.

हाड आणि हस्तिदंत दोन्हींचा मोठा भाग कॅल्शियमच्या क्षारांचा. व्हिनेगर किंवा लिंबू लागलं की पृष्ठभाग विरघळून निस्तेज होतो, आणि ती झळाळी परत आणता येत नाही. मुठीवर उतरलेला गंजाचा तांबूस डाग आम्लाने काढायला जाऊ नये. तो राहू द्यावा.

हाताशी काय ठेवायचं

– खाद्यपदार्थांना चालणारं मिनरल ऑइल
– स्टील वूल, सर्वांत बारीक, म्हणजे ०००० नंबरचं
– वॉटर पेपर: ६००, १००० आणि २००० नंबर, ४०० नंबरचा एकच तुकडा, फक्त अडलेल्या जागेसाठी
– पितळेची किंवा तांब्याची बोथट पट्टी
– सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजेच लिंबूसत्त्व, आणि खाण्याचा सोडा
– मास्किंग टेप, पेट्रोलियम जेली, टिश्यू पेपर, प्लॅस्टिकची पातळ फिल्म
– सुती फडकी, निदान चार; त्यातलं एक पांढरं
– बुचाचा किंवा लाकडाचा लहान ठोकळा आणि सपाट फळी
– हातमोजे. टेबल-सुरी बोथट वाटते, पण गंजाने खाल्लेली कड करवतीसारखी कापते.

ड्रिलला लावायची पॉलिशची चाकं या यादीत मुद्दाम नाहीत. पातळ पातं चाकावर काही सेकंदांत तापतं. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरायला लागतो, मग ते मऊ पडतं. शिवाय चाकात अडकून सुरी हातातून उडण्याचा धोका आहेच.

पायरी १: सांधा बंद करा

कोरड्या मऊ ब्रशने सैल गंज आणि धूळ झटकून टाका. मग बोल्स्टर आणि मूठ जिथे भेटतात त्या फटीवर बोटाने पेट्रोलियम जेलीचं कडं भरा आणि त्यावरून मुठीला मास्किंग टेप गुंडाळा. जुन्या हाडावर टेप एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, काढताना वरचा थर सोलला जातो. सेल्युलॉइड चिकट किंवा भेगाळलेलं असेल तर टेपऐवजी फक्त फडकं गुंडाळून दोऱ्याने बांधा.

पायरी २: तेल मुरू द्या

पात्यावर मिनरल ऑइलचा जाडसर थर लावून सुरी आडवी ठेवा आणि २४ तास विसरून जा. उभी ठेवायची असेल तर टोक खाली. तेल गंजाच्या थरात झिरपतं, थर भुसभुशीत होतो आणि पुढे घासताना उडणारी लाल पूड हवेत न जाता तेलात राहते. हलक्या गंजाच्या सुऱ्यांपैकी बऱ्याच या पायरीनंतर नुसत्या स्टील वूलने स्वच्छ होतात.

पायरी ३: खरवडा, मग घासा

इथे सुरी कशी ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. मूठ पात्यापेक्षा जाड असते. सुरी तशीच टेबलावर आडवी ठेवली तर पातं अधांतरी राहतं, आणि घासताना दिलेला सगळा दाब बोल्स्टरपाशी येतो. पातं वाकतं, किंवा मुठीतली राळ तडकते. म्हणून फळी टेबलाच्या कडेला आणा आणि मूठ कडेबाहेर लोंबती ठेवा. पातं पूर्ण लांबीभर फळीवर सपाट टेकलं पाहिजे. डाव्या हाताने बोल्स्टर धरा, उजव्याने काम करा.

आधी पितळेची पट्टी तिरकी धरून गंजाचे उंचवटे खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ते गंज उचलतं पण पात्याला ओरखडा पाडत नाही. मागे पिवळसर छटा राहिली तर घाबरू नका, पुढच्या घासण्यात ती जाते.

मग तेलात भिजवलेलं ०००० स्टील वूल. घासायची दिशा एकच: बोल्स्टरकडून टोकाकडे, पात्याच्या लांबीने. गोल गोल घासलं की गुंतागुंतीचे ओरखडे उमटतात आणि उजेडात पातं धुरकट दिसतं. दर काही मिनिटांनी फडक्याने पुसून बघा. तपकिरी चिखल तसाच ठेवून घासत राहिलात तर तो गंजच पात्याला ओरखडत राहतो. वूल काळं पडलं की बदला.

पात्यावर कारागिराचा किंवा कारखान्याचा ठसा असेल तर त्याच्या आसपास बोटभर जागेत वॉटर पेपर न्यायचाच नाही. तिथे वूल आणि धीर एवढंच चालतं. ठसा पुसट झाला की सुरीचा इतिहासच गेला.

थांबायचं कुठे

लाल आणि नारिंगी गंज काढायचा, काळसर-करडी झाक राहू द्यायची. लाल गंज भुसभुशीत असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खाली खात जातो. करडी किंवा निळसर काळी झाक घट्ट बसलेली असते, फडक्यावर उतरत नाही, आणि खालच्या पोलादाला थोडाफार आधारच देते. जुनं कार्बन पोलाद आरशासारखं चमकलं पाहिजे हा हट्ट सोडलेला बरा.

पूर्वी रोजच्या रोज ही चमक आणण्यासाठी सुऱ्या चामडं लावलेल्या फळीवर एमरीच्या किंवा विटेच्या पुडीने घासल्या जात. जुनी पाती अनेकदा मुळापेक्षा अरुंद आणि कागदासारखी पातळ झालेली दिसतात ती त्यामुळेच. त्यांच्यात आता घासून घालवण्याएवढं पोलाद उरलेलं नाही.

पायरी ४: हटत नसेल तेव्हाच आम्ल

जाड, पोपडे धरलेला गंज तेलाने हलला नाही तर लिंबूसत्त्वाकडे वळायचं. अर्धा लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम, म्हणजे साधारण ५ टक्क्यांचं द्रावण.

पातं त्यात बुडवून ठेवायचं नाही. ग्लासात उभ्या ठेवलेल्या सुरीवर द्रावणाच्या पृष्ठभागाशी हवा आणि आम्ल दोन्ही एकत्र भेटतात, तिथे पोलाद सर्वांत वेगाने खाल्लं जातं, आणि सुरुवातीला सांगितलेली रेघ कोरली जाते. त्याऐवजी टिश्यू पेपरच्या पट्ट्या द्रावणात भिजवा, हलक्या पिळा आणि फक्त गंजलेल्या भागावर गुंडाळा. बोल्स्टरपासून एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. वरून प्लॅस्टिक फिल्म लपेटा, म्हणजे कागद वाळणार नाही.

पंधरा मिनिटांनी उघडा. गंज मऊ, काळपट चिखलासारखा झालेला असेल. तो स्टील वूलने काढा. उरला असेल तर ताजी पट्टी, पुन्हा पंधरा मिनिटं. सगळं मिळून तासाभराच्या पुढे जाऊ नये. आम्ल गंज संपल्यावर थांबत नाही, पोलाद खायला लागतं. शिवाय आम्लात जास्त वेळ राहिलेलं कडक पोलाद त्यात शिरलेल्या हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकतं.

आम्ल नुसतं पुसून भागत नाही. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा, त्यात भिजवलेल्या फडक्याने पातं दोन-तीनदा पुसा. खड्ड्यांतून बारीक फेस येत असेल तर आत अजून आम्ल आहे. फेस थांबेपर्यंत पुसत राहा. मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सोडा काढा.

विजेच्या साहाय्याने, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ व्होल्ट डीसी देऊन गंज काढायची पद्धत अवजारांसाठी उत्तम आहे. मूठ लावलेल्या टेबल-सुरीसाठी ती आम्ही सुचवणार नाही, कारण द्रावण सांध्यापासून दूर ठेवणं अवघड जातं. मूठ निघालेल्या पात्यावर ती करणारच असाल तर पातं ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला, जागा हवेशीर, आणि जवळपास ठिणगी नाही, कारण हायड्रोजन वायू निघतो. धन टोकाला स्टेनलेस कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम संयुगं पाण्यात उतरतात. पाण्यात मीठही टाकू नये, क्लोरीन सुटतो.

पायरी ५: वाळवण्यातली घाई आणि दिरंगाई

नुकतंच उघडं पडलेलं पोलाद ओलं राहिलं तर काही मिनिटांतच त्यावर नारिंगी साय धरते. दोन तास खपून स्वच्छ केलेलं पातं फोन घ्यायला उठलात तेवढ्यात पुन्हा गंजलेलं दिसतं, ते हेच. म्हणून पाण्याला हात लावण्याआधी कोरडी फडकी आणि तेल उघडून शेजारी ठेवा.

टोक खाली धरूनच पुसा, म्हणजे थेंब मुठीकडे ओघळणार नाही. एका फडक्याने ओल काढा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा, मग पंख्यासमोर किंवा हेअर ड्रायरच्या थंड झोतात दोन-तीन मिनिटं धरा. गरम झोत नको, राळ आणि सेल्युलॉइड दोन्हींना तो सोसत नाही. लगेच दोन-तीन थेंब मिनरल ऑइल चोळा आणि पातं कोरडं दिसेपर्यंत पुसा. शेवटी टेप आणि जेली काढा.

दुसऱ्या दिवशी पांढरं फडकं पात्यावरून फिरवा. फडक्यावर तांबूस रंग उतरला तर खड्ड्यांत गंज जिवंत आहे: पायरी ३ पुन्हा, फक्त त्या जागी.

खड्डे पडलेली पाती

गंज काढल्यावर उरलेले खड्डे बुजत नाहीत. ते नाहीसे करायचे म्हणजे आजूबाजूचं पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचं, आणि पातळ पात्यात तेवढी जाडी नसते. उथळ खड्डे ६०० पासून २००० पर्यंतच्या वॉटर पेपरने थोडे सौम्य करता येतात. पेपर ठोकळ्याला गुंडाळून, तेलात, लांबीच्याच दिशेने घासा. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. नखाला अडकतील असे खोल खड्डे असतील तर त्यांत अन्न आणि ओल साचते. ती सुरी जेवणासाठी वापरू नये.

स्टेनलेस आणि मुलाम्याची पाती

एकाच संचातले काटे-चमचे लखलखीत आणि सुऱ्या मात्र गंजाच्या ठिपक्यांनी भरलेल्या, असं अनेकदा दिसतं. सुरीला धार धरावी म्हणून तिच्या स्टेनलेसमध्ये कार्बन जास्त, क्रोमियम कमी असतं आणि निकेल सहसा नसतंच. मीठ लागून ओली राहिली की तिच्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

यासाठी खाण्याच्या सोड्याची घट्ट लापशी आणि नायलॉनची घासणी पुरते. हट्टी ठिपक्यांवर वरच्याच लिंबूसत्त्वाची भिजवलेली पट्टी, दहा मिनिटं. स्टील वूल इथे वर्ज्य: त्याचे सूक्ष्म कण पात्यात रुतून बसतात आणि ते स्वतःच गंजतात.

मुलाम्याच्या पात्यावर गंजाच्या ठिपक्याला टूथपिकने तेल लावा, दिवसभराने बांबूच्या टोकदार काडीने उचला, पुसा. मुलामा पापुद्र्यासारखा सुटत असेल तर सुरी ताटात आणू नका.

सैल झालेली मूठ

मूठ हलत असेल तर ओढून काढायची जबरदस्ती नको. सहज निघाली तरच टँगवरचा गंज वूलने काढा आणि पोकळीतली जुनी, भुगा झालेली राळ बारीक काडीने कोरून बाहेर काढा. परंपरेने वापरलेलं मिश्रण असं: चार भाग राळ, एक भाग मधमाशांचं मेण, एक भाग विटेची वस्त्रगाळ पूड किंवा प्लास्टर. गार झाल्यावर कुटून त्याची भुकटी पोकळीत भरतात, पात्याला ओलं फडकं गुंडाळून फक्त टँग तापवतात आणि आत दाबतात. टँग लाल होता कामा नये. राळ पेट घेते, म्हणून ती उघड्या आचेवर वितळवू नका.

हाड, हस्तिदंत किंवा शिंगाच्या मुठीला ही पद्धत चालते. सेल्युलॉइडला उष्णता नकोच. तिथे सावकाश वाळणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरा आणि सुरी सरळ बसली आहे ना हे दोन्ही बाजूंनी बघा. इपॉक्सी पुढे काढता येत नाही. मौल्यवान संच असेल तर हे काम जाणकाराकडे द्या.

रोजची निगा

वापरून झाली की सुरी लगेच धुवा. आंबट आणि खारट पदार्थ अर्धा तास पात्यावर राहिले तरी डाग पडतो. माशांसाठी आणि फळांसाठी पूर्वी चांदीच्या पात्याच्या वेगळ्या सुऱ्या ठेवायचे ते याच कारणाने. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजने फक्त पातं पुसायचं, सिंकमध्ये टाकून ठेवायचं नाही. मुठीला ओलसर फडकं, मग कोरडं. डिशवॉशरमध्ये जुन्या सुऱ्या एकदाही नकोत: तिथलं गरम पाणी, क्षार आणि लांबलेली वाफ पातं, राळ आणि मूठ तिन्हींवर एकदम हल्ला करतात.

तेल मिनरलच घ्यावं. स्वयंपाकाचं बहुतेक तेल हवेत काही आठवड्यांत चिकट, पिवळसर होतं, त्याला खवट वास येतो, आणि ती साय काढण्यासाठी पुन्हा घासावं लागतं.

ठेवायचं कसं

पात्याला तेलाचं बोट फिरवून प्रत्येक सुरी धुतलेल्या सुती कापडात वेगळी गुंडाळा. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि क्षार पोलादाला लागतात. ओक लाकडाच्या पेटीतूनही आम्लाची वाफ सुटत राहते; पेटी वापरायचीच असेल तर महिन्यातून एकदा उघडी ठेवा. चांदीच्या मुठींना रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

सिलिका जेलची पुडी ओल शोषते, पण हाड आणि हस्तिदंत अति कोरड्या हवेत तडकतात. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की दोघांचंही भागतं. आर्द्रता मोजणारा एखादा साधा हायग्रोमीटर ड्रॉवरमध्ये टाकून ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही.

एका गोष्टीकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. सगळं नीट करूनही बोल्स्टरपाशी पुन्हा पुन्हा गंज येत असेल, मूठ पिवळी, घामट किंवा बारीक भेगांची झाली असेल, तर ते विघटन होत असलेलं सेल्युलॉइड आहे. त्यातून आम्लधर्मी वायू सुटतो आणि शेजारच्या सुऱ्याही गंजवतो. ती सुरी संचातून काढून, हवेशीर जागी, उष्णतेपासून लांब वेगळी ठेवा. उरलेल्या सुऱ्यांची कापडं त्याच दिवशी धुऊन बदला आणि पात्यांना पुन्हा तेल लावा.